तीन चाळीस ते साडेपाच

१

ब्राउझरमध्ये लाल पान दिसलं की माणसं मला फोन करतात, आणि मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो. कॉम्प्युटरवर आज तारीख काय दिसतेय? दहातल्या सहा जणांचं दुखणं तिथंच बरं होतं. घड्याळ मागं पडलेलं असतं, आणि घड्याळ चुकलं की ब्राउझरला सगळ्या जगाची सर्टिफिकेटं खोटी वाटायला लागतात. उरलेल्यांपैकी तिघांचं सर्टिफिकेट खरोखर संपलेलं असतं. जो एक उरतो, त्यानं स्वतःच काहीतरी करून ठेवलेलं असतं आणि तो ते कबूल करत नाही.

सर्टिफिकेट म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकाला असं सांगतो. बंद दारामागून कुणीतरी म्हणतं, मी अमुक. ते खरं की खोटं हे आपल्याला कळायचं कसं? मग विश्वासातल्या कुणीतरी हमी द्यायची, की हो, हा तोच. ती लिहून दिलेली हमी म्हणजे सर्टिफिकेट. लाल पान एवढंच म्हणतं, की दारामागं कुणीतरी आहे, पण तो म्हणतो तोच तो आहे याची हमी कुणी देत नाही. पुढं जायचं तर तुमच्या जबाबदारीवर जा. हे कुणी वाचत नाही. खालची बारीक अक्षरं दाबतात आणि पुढं जातात.

माझं दुकान तळेगावात आणि घर वराळ्याला. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांचं काम माझं नव्हतं, ते धाकट्याचं, गौरवचं. बारा बंगल्यांत त्यानं कॅमेरे बसवले होते. प्रत्येक ठिकाणी रेकॉर्डिंगचा एक डबा, आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की कॅमेऱ्यांचं पान उघडायचं. बाहेरून सर्टिफिकेट घ्यायचं सोडून पठ्ठ्यानं स्वतःच्याच सहीची बनवली होती, आणि बंगल्यांतल्या कॉम्प्युटरांना, माझ्या मोबाइललासुद्धा, सांगून ठेवलं होतं की या सहीवर विश्वास ठेवा. मी त्याला चिडवायचो, तुझी हमी तूच देणार, मग खात्री करायची तर आम्ही विचारायचं कुणाला? तो म्हणायचा, मलाच विचारा.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत गौरव गेला. त्यानं बनवलेली सर्टिफिकेटं एकेका वर्षाची होती, आणि यंदा ती एकामागून एक संपायला लागली.

२

गेला त्या दिवशी तो खंडाळ्याच्या एका बंगल्यावर होता. दुपारी तीन चाळीसला त्याचा फोन आला, मोटारसायकल चालू होत नव्हती.

"दादा, न्यायला येतोस?"

माझ्यासमोर एक लॅपटॉप उघडा पडला होता, त्याचे स्क्रू टेबलावर ओळीनं मांडले होते, आणि त्या महिन्यात त्याची गाडी बंद पडायची ही तिसरी खेप होती. मी म्हणालो, "बघतो."

आमच्या घरात बघतो म्हणजे नाही, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. गौरवलाही होतं. तरी तो म्हणाला, "बरं. बसतो मी."

मी फोन सायलेंटवर टाकला. नंतर त्याचे दोन मिस्ड कॉल दिसले, तेव्हा धरून चाललो की लोणावळ्यातून लोकल पकडून घोरावाडी स्टेशनला उतरेल. संध्याकाळी घरी गेलो तर आई ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, "एकलाच आलास व्हय?" मी म्हणालो, येईल की तो. तोवर तो चालत लोणावळ्याकडं निघाला होता, आणि जुन्या हायवेच्या वळणावर कुठल्याशा गाडीनं त्याला उडवलं होतं. ती गाडी शेवटपर्यंत सापडली नाही.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसले होते, एकही खाली येईना. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढं होऊन गेलेल्याला शब्द द्यायला लागला. मामा म्हणाले, तुझ्या आईला अंतर देणार नाही. चुलते म्हणाले, तुझ्या नावानं शाळेत काहीतरी करू. मला पुढं ढकललं तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, तुझं काम मी चालवीन, एकही गिऱ्हाईक सोडणार नाही. कावळे ढिम्म हलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं आणि गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण दहा दिवस एक वाक्य माझ्यापाशी अडकून पडलं होतं. ते मी पिंडापुढं वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोललो.

"बस तिथंच. मी येतो तुला न्यायला."

मी सरळ उभा राहायच्या आत कावळा उतरला. लोक म्हणाले, पोराचा जीव धंद्यात अडकला होता.

३

अकरा बंगल्यांचं काम आठवड्यात उरकलं. प्रत्येक ठिकाणी तेच. डब्यावर नवं सर्टिफिकेट चढवायचं, मग कॉम्प्युटरच्या विश्वासाच्या यादीतून गौरवचं नाव काढून टाकायचं. काढताना यंत्र विचारतं, नक्की काढायचं? अकरा वेळा मी हो दाबलं. पहिल्या दोन-तीन वेळा बोट बटणावर थांबलं, नंतर सवय झाली, आणि सवय झाली याचंच जास्त वाईट वाटलं.

बारावा बंगला खंडाळ्याचा. तिथं जायचं मी वर्षभर टाळत होतो, म्हणून ते काम दुकानात बसूनच, लांबून केलं. नवं सर्टिफिकेट चढवलं. यादीतून त्याचं नाव मात्र काढवलं नाही. निदान एका ठिकाणी राहू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून मालकीणबाईंचा फोन आला, की पान अजून लाल. मी तारीख पाहिली, बरोबर होती. ब्राउझरचा साठा पुसला, दुसरा ब्राउझर टाकला, सगळं बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. तिसऱ्या दिवशीही पान लाल. मग बंगला सांभाळणाऱ्या शालनमावशींना फोन केला. गौरवला त्यांच्या हातचं पिठलं फार आवडायचं, एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं.

त्या म्हणाल्या, "दिसभर लाल असतंय. पर चहाच्या येळला आपसूक नीट व्हतं बगा. दिस कलला की पुन्हा लाल."

दिवसातून दोन तास बरं होणारं सर्टिफिकेट मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, मावशींचा गोंधळ होत असेल. पण आता गेल्याशिवाय सुटका नव्हती.

४

सकाळी अकराला पोचलो. दरीच्या कडेचा बंगला, फाटकापासून दारापर्यंत दगडी वाट आणि वाटेच्या टोकाला एक रुंद पायरी. तिच्यावर पाय न देता मी बाजूच्या गवतातून व्हरांड्यात चढलो. का, ते माझं मलाच कळलं नाही.

कॉम्प्युटर दारालगतच्या खोलीत होता. पान लाल होतं. सर्टिफिकेट उघडून पाहिलं तर त्यावर माझं नाव नव्हतंच. गौरवचं होतं. सुरुवात काल दुपारी तीन चाळीस, शेवट काल संध्याकाळी साडेपाच. वर्षाचं नाही, महिन्याचं नाही, दोन तासांना दहा मिनिटं कमी. मी ते उडवलं आणि माझं चढवलं. पान नीट उघडलं, पाच मिनिटांनी पुन्हा लाल झालं. सर्टिफिकेट पुन्हा कालचं, गौरवचं. दुपारपर्यंत मी हा खेळ सात वेळा खेळलो.

मला भीती वाटली नाही, राग आला. त्यानं कुठंतरी आपोआप चालणारं काहीतरी लावून ठेवलं असणार आणि मला न सांगता गेला असणार. न सांगता करायची त्याची जुनीच खोड.

मग तीन चाळीस झाले. मी कशालाही हात लावला नव्हता. पान आपलं आपण उघडलं आणि चारही कॅमेरे दिसायला लागले. सर्टिफिकेट पाहिलं. सुरुवात आज तीन चाळीस, शेवट आज साडेपाच.

शालनमावशी चहा घेऊन आल्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या दिवशी तो इथून किती वाजता निघाला. त्या दारातच खाली बसल्या.

"त्या दिशी त्यो त्या पायरीवर बसला व्हता. मी म्हनलं आत बस, पंख्याखाली. तर न्हाई म्हनला. म्हनला, दादा येतोय, त्याला हॉर्न वाजवाया लागाय नगं. त्याला लय घाई असती."

मी कप खाली ठेवला.

"लय येळ बसला. रस्त्याकडं बघत, आमच्या टिप्या कुत्र्याचं कान कुरवाळीत. माझी भांडी आटपली तवा साडेपाच झालं व्हतं. मंग उठला. मला म्हनला, दादा कामात असंल."

वर्षभर मी स्वतःला समजावलं होतं, की माझ्या बघतोचा अर्थ त्याला कळला होता, आणि तो लगेच निघाला होता. तो जवळजवळ दोन तास बसून होता. माझी वाट बघत. मावशींसमोर मला रडायला आलं आणि त्यांनी तोंड फिरवून मला रडू दिलं.

५

अशी सर्टिफिकेटं ज्या एका फाइलीच्या जोरावर बनतात, ती फाइल गौरवच्या लॅपटॉपमध्ये होती, दुसरीकडं कुठंही नाही. लॅपटॉप त्याच्या बॅगेत, आणि बॅग हॉस्पिटलनं दिलेल्या पिशवीसकट आमच्या कपाटात. त्या रात्री पिशवी काढून पाहिली. लॅपटॉप मधोमध वाकलेला होता आणि डिस्कचे दोन तुकडे होते. हे मला माहीत होतं. वर्षापूर्वी मीच ती तपासली होती. तरी पुन्हा पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुकानातला कोरा डबा घेऊन खंडाळ्याला गेलो. गौरवनं ज्याला कधी बोटही लावलेलं नव्हतं असा डबा. जुना काढून मोटारसायकलच्या साइड-बॉक्समध्ये टाकला, नवा बसवला, सर्टिफिकेट चढवलं. दुपारभर सगळं नीट चाललं. मी मावशींच्या हातची पिठलं-भाकरी खाल्ली आणि मनात म्हटलं, चला, जुन्या डब्यातच काहीतरी होतं.

तीन चाळीसला सर्टिफिकेट बदललं. कोऱ्या डब्यावर गौरवचं नाव आलं.

मग पहिल्यांदा मी सर्टिफिकेट सोडून कॅमेऱ्याकडं पाहिलं. फाटकाच्या कॅमेऱ्यात पायरी दिसत होती. पायरी रिकामी होती आणि लख्ख ऊन पडलेलं होतं. टिप्या कुठूनसा येऊन पायरीच्या कडेला बसला, आणि त्यानं मान अशी कलती केली की एरवी तोल जाऊन पडला असता. पण तो पडला नाही. कशाला तरी टेकून डोळे मिटून राहिला.

मग त्याचा डावा कान दुमडला. उभा राहिला. पुन्हा दुमडला.

आमच्या लहानपणी घरी एक कुत्री होती. गौरव तिचा कान असाच दोन बोटांत धरून दुमडायचा आणि सोडायचा, आई ओरडेपर्यंत. मी उठून व्हरांड्यात आलो. कॅमेऱ्यातलं चित्र कधी अडकतं, कधी थरथरतं, तसलंच काहीतरी असेल. तिथून पायरी दहा फुटांवर होती. वारा नव्हता. टिप्याचा कान दुमडला आणि उभा राहिला.

बस तिथंच, असं मी त्याला सांगितलं होतं. तो बसला होता. वर्षभर, रोज, त्याच वेळात, आणि मी तळेगावात स्क्रू मोजत होतो.

६

मी गाडी ढकलत पायरीसमोर आणली आणि वर बसलो. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. "चल," म्हणालो.

गौरव कधीच पटकन बसला नाही. आधी बुटाची नाडी, मग बॅगेचा पट्टा, मग काहीतरी आत राहिलेलं असायचं. मी गाडी रेज करायचो, दहा पावलं पुढं न्यायचो, तो धावत यायचा. आमचं हे रोजचं होतं. त्या दिवशी तरी मी थांबायला हवं होतं. पण पाठीला घाम फुटला होता. मी अर्धा मिनिट थांबलो असेन. गाडी रेज केली.

मावशी दारातून म्हणाल्या, "जरा दम धरा की."

मी क्लच सोडला. फाटकातून बाहेर पडताना आरशात पाहिलं. टिप्या पायरीपाशी तसाच बसला होता, मान कलती. मी मनाशी म्हटलं, कुत्रं ते कुत्रं, त्याला काय कळतंय.

गाडी हलकी होती. सीट रिकामी आहे हे चालवणाऱ्याला कळतं. मी स्वतःलाच शिव्या देत निघालो, शिकलासवरलेला माणूस, आणि भरदुपारी पायरीशी बोलतोस. मग त्याला उडवलं ते वळण आलं. तिथं मी नेहमी गाडी हळू करतो आणि कपाळाला हात लावतो. तसा लावला, आणि मागची सीट दबली.

चांगली दबली, माणूस बसल्यावर दबते तेवढी. शॉकअप करकरले. मला इतका आनंद झाला की रस्ता दिसेना. "आलास?" म्हणालो, आणि मग थांबलोच नाही. कामशेतपर्यंत बोलत होतो. त्याला सांगितलं की माझं चुकलं, बघतो म्हणायला नको होतं, तुझे दोन्ही फोन मी पाहिले होते, फक्त उचलले नव्हते. आजवर हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तो काही बोलला नाही. एरवी गौरव पाठीमागून अखंड बडबड करायचा, आणि वडगाव आलं की भजी खायला थांब म्हणून माझ्या खांद्यावर दोनदा थोपटायचा. वडगाव आलं आणि गेलं. मी मनात म्हटलं, चिडला असेल, चिडायचा त्याला हक्कच आहे. गौरव आमच्या दोघांत बॅग ठेवून बसायचा, तीही नव्हती. माझ्या पाठीला सगळीकडून, मानेपर्यंत, काहीतरी टेकलेलं होतं. शर्टातून गार लागत होतं. मी गाडीचा वेग वाढवला.

७

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. वर्षभर रोज संध्याकाळी मी फाटकातून आत आलो की ती विचारते, एकलाच आलास व्हय? मी हो म्हणतो, मग ती पुन्हा मान खाली घालते. डॉक्टरांनी सांगितलंय की उत्तर देत जा, चिडू नका.

आज तिनं विचारलं नाही. तिनं माझ्या खांद्यामागं पाहिलं, सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात न टेकता उभी राहिली. माझ्यामागची दबलेली सीट वर आली. आईनं पदर सारखा केला, माझ्याकडं न बघता वळली आणि बोलत बोलत आत गेली.

मी अंगणात उभा होतो. छातीतून दगड उतरल्यासारखं वाटत होतं. आणलं, घरी आणलं एकदाचं. आता खंडाळ्याची पायरी खरोखर रिकामी झाली हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून मी मोबाइल काढला. पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. पान नीट उघडलं.

टिप्या पायरीपाशी होता. मान कलती. कान दुमडला, उभा राहिला, पुन्हा दुमडला. मग तो थांबला. फाटकाबाहेर एखादी गाडी आली असावी. टिप्यानं कान टवकारले आणि रस्त्याकडं पाहिलं. गाडी निघून गेली असावी. त्यानं मान पुन्हा कलती केली आणि थोड्या वेळानं कान पुन्हा दुमडला.

पायरीपाशी सीट दबली नव्हती. ती वळणावर दबली. हे मला तिथंच कळलं होतं, फक्त मी ते वाचलं नाही.

आतून आईचा आवाज येत होता, खालच्या सुरातला, ती फक्त गौरवशी बोलायची तसा. ती हसली. वर्षभरात मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. तिला उत्तर देणारा आवाज मला आला नाही, पण ती मधेमधे थांबत होती, उत्तर ऐकायला माणूस थांबतो तेवढी.

खंडाळ्याला जायला पन्नास मिनिटं लागतात. साडेपाचच्या आत पोचणं शक्य नव्हतं. तरी मी किल्ली लावली होती. निघालो असतो तर आई घरात एकटी राहिली असती, त्याच्याबरोबर. आणि आई, हा आपला गौरव नाही, असं सांगायचं तर सांगू कसं? ती हसत होती.

मी तिथंच उभा राहून मोबाइलकडं बघत राहिलो. साडेपाचला पान लाल झालं. तो म्हणतो तोच तो आहे याची हमी कुणी देत नाही, पुढं जायचं तर तुमच्या जबाबदारीवर जा.

"सुहास," आईनं आतून हाक मारली, "भाईर का उभा? तिघांचा चहा वतलाय."

मी किल्ली काढून खिशात टाकली. उद्या तीन चाळीसच्या आधी जाईन, आणि या वेळी थांबेन, कितीही वेळ लागला तरी थांबेन, असं मी मनातल्या मनात त्याला सांगितलं. मग चपला काढून आत गेलो. गौरव आजही तक्रार करणार नव्हता. बरं, बसतो मी, एवढंच म्हणाला असेल.